शांत तुकडा

१

टीव्ही बिघडला नव्हता, हे आधी सांगतो. लोकांना वाटतं चित्र आलं नाही की टीव्ही बिघडला. टीव्ही चांगला धडधाकट असतो, त्याच्या आतलं ॲप म्हातारं झालेलं असतं. एके दिवशी आमच्या सासूबाईंनी नेहमीसारखा रिमोट दाबला आणि पडद्यावर पाटी आली की हे ॲप या टीव्हीवर यापुढे चालणार नाही, कृपया नवीन टीव्ही घ्या. कृपया म्हणे. त्यांची मालिका ऐन लग्नात येऊन अडकली होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते लग्न मीच मोडलं असावं.

मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोक मला 'रीस्टार्ट' म्हणतात, कारण फोनवर माझा पहिला प्रश्न तोच असतो, बंद करून चालू केलंत का. निम्मी कामं तिथंच मिटतात. उरलेल्यांसाठी माझी एकच पद्धत आहे, एकेक काढत जायचं. प्रिंटर काढा, बघा. माउस काढा, बघा. मेमरीची एक पट्टी काढा, बघा. जे काढल्यावर दुखणं थांबतं ते दोषी. यात अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, आणि तुला सांगतो, मी महाचिकट माणूस आहे.

घरात आम्ही तिघं. मी, सासूबाई आणि माझी मुलगी. मुलगी दुसरीत आहे, एका जागी बूड टेकत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो. आमची ही जाऊन दोन वर्षं होत आली. ती गेली तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, आई, आता इथंच राहा. त्या राहिल्या. तेव्हापासून जावयाचा मान गेला आणि मुलाची बोलणी सुरू झाली.

नवीन टीव्ही घेणार नाही, हे मी त्याच सकाळी ठरवलं. एका ऑफिसने भंगारात काढलेला छोटा कॉम्प्युटर माझ्याकडे पडून होता. त्याला नवी डिस्क घातली, मेमरी वाढवली, कुरकुरणारा पंखा बदलला आणि तो टीव्हीखालच्या कपाटात बसवला. गॅलरीत अँटेना लावला, त्यावर फुकटची चॅनेलं आली. सासूबाईंच्या मालिका, भिंगरीची कार्टून, सगळं एका पडद्यावर, मोठ्या अक्षरांत. सासूबाई म्हणाल्या, "हं, चाललंय बरं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे शालजोडी.

त्याच आठवड्यात जेवताना भिंगरीने विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता?"

मी घास ताटात ठेवला. तिला चेहरा माहीत आहे, भिंतीवर फोटो आहे. आवाज कुठं लटकवणार? पोर आवाज विसरायला लागली होती. मी म्हटलं, "थांब, तुला ऐकवतो."

२

आमची ही बालवाडीत शिकवायची. घरीदारी गोष्टी. भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून तिला गोष्टी सांगायची आणि सांगता सांगता एका हाताने फोनवर तिचे व्हिडिओ काढायची. त्यामुळे ते ढीगभर व्हिडिओ आहेत, आणि एकातही ही नाही. फोन तिच्याच हातात. नुसता आवाज.

फोन जुना होता, स्वस्तातला. मागे फ्रिजची घरघर, वर पंख्याची खरखर, त्यातून तिचं बोलणं. मी म्हटलं, पोरीला दाखवायचं तर स्वच्छ करून दाखवू. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. त्याला आधी एक असा तुकडा दाखवावा लागतो जिथं कुणीच बोलत नाही. आम्ही त्याला शांत तुकडा म्हणतो. प्रोग्रॅम तो तुकडा ऐकतो, हा कचरा आहे असं धरतो, आणि पूर्ण व्हिडिओतून तेवढा कचरा काढून टाकतो. घरघर जाते, माणूस राहतो.

उंदराच्या गोष्टीचा व्हिडिओ होता. ही म्हणते, "मग त्या उंदराने काय केलं माहितेय?" आणि थांबते. मग पुढे सांगते. मला वाटलं, हे थांबणं मस्त आहे, इथं फक्त फ्रिज आहे. तोच तुकडा निवडला.

आता वाटतं, ती थांबायची कशासाठी, हे मी आधी स्वतःला विचारायला हवं होतं. ज्याच्यासाठी थांबायचं असं त्या खोलीत कोण होतं? पोर दहा महिन्यांची.

३

रविवारी सकाळी तिघं टीव्हीसमोर बसलो. सासूबाई मटार सोलत होत्या. मी व्हिडिओ लावला.

काय सांगू तुला. ती खोलीत आली. फ्रिज नाही, पंखा नाही, फक्त तिचा आवाज, किंचित नाकातला, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. भिंगरी टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मला एरवी ओरडावं लागलं असतं. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं.

"मग त्या उंदराने काय केलं माहितेय?"

"हं."

"त्याने दोरी कुरतडली."

"हं."

सासूबाई म्हणाल्या, "हा हुंकार कोण देतंय?"

"मी असेन," मी म्हटलं. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं समोरचा झोपला. घरात दुसरं कोण असणार?

"बाबा, तू तर तिथं झोपलायस," भिंगरी म्हणाली.

खरंच झोपलो होतो. पाळण्यामागे सोफ्यावर, तोंड उघडं टाकून, एक चप्पल पायात. पाळण्यात भिंगरी, खुळखुळा तोंडात कोंबलेला. ही फोनच्या मागे. आणि ते हं फोनच्या अगदी जवळून येत होतं, हिच्याही जवळून. बाईचं म्हणावं तर नाही, बाप्याचं म्हणावं तर तेही नाही. पण ऐकणाऱ्याचं होतं. मन लावून ऐकणाऱ्याचं.

मी दोघींना समजावलं की अशा प्रोग्रॅमना खोड असते. कचरा काढताना जे उरतं त्याला ते माणसाच्या आवाजाचा आकार देतात. मीच शांत तुकडा चुकीचा निवडला, पुन्हा करतो. हे सगळं खरं आहे, कुठल्याही जाणकाराला विचार. सासूबाईंनी मान डोलावली आणि मटार घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सोललेले दाणे त्या सालांच्या भांड्यात टाकत होत्या.

४

पुन्हा केलं. दुसरा तुकडा घेतला. मग दुसरा व्हिडिओ घेतला, कावळ्याचा. मग अंघोळीचा, मग पहिल्या पावलांचा. जिथं जिथं ही थांबते, तिथं तिथं हं.

मग मी माझ्या पद्धतीवर आलो. स्वच्छ केलेला व्हिडिओ बाजूला ठेवून मूळचा लावला. हं. कपाटातला कॉम्प्युटर काढला आणि पेनड्राइव्ह थेट टीव्हीला जोडला. हं. टीव्ही काढला, माझ्या कामाच्या लॅपटॉपवर ऐकलं. हं. स्पीकर काढून कानाला लावायचे घेतले. हं, आणि या खेपेला डाव्या कानात. शेवटी तिचा जुना फोन ड्रॉवरमधून काढला. त्यातले व्हिडिओ मी ती असतानाच उतरवून घेतले होते, तिच्यानंतर तो कुणी चालू केला नव्हता, त्याला कुठला प्रोग्रॅम शिवला नव्हता. चार्ज केला. त्याच्यावरही हं.

म्हणजे ते आधीपासून होतं. आम्हीच घरघरीत ऐकलं नव्हतं. एवढं मान्य केलं असतं तरी चाललं असतं, शेजारचं कुणी येऊन बसलं असेल असं म्हणून मी गप्प झालो असतो. पण फोनवर उंदराची गोष्ट पुन्हा लावली तेव्हा हिचा आवाज बसलेला होता.

नीट ऐक. आवाज कमी झाला असता तर मी वाढवला असता, ते माझं रोजचं काम आहे. आवाज बसला होता. खुळखुळा लख्ख, खाली चमचा पडतो तो लख्ख, सोफ्यावरचं माझं घोरणंसुद्धा लख्ख. फक्त ही घोगरं बोलत होती. रविवारी आम्ही तिघांनी ऐकली ती ठणठणीत होती.

असा घोगरा आवाज मी एकदाच ऐकलाय, तिच्या शेवटच्या वर्षात. आधी वाटलं, बालवाडीत दिवसभर ओरडून बसला असेल, सगळ्या बाईंचा बसतो. मग पार गेला. हातवारे करायची, पाटीवर लिहायची. डॉक्टर नळी घालून बघायचे आणि म्हणायचे, घशात काहीच नाही. पुढे ती खायची बंद झाली, मग उठायची बंद झाली. डॉक्टर काहीच नाही, काहीच नाही म्हणत राहिले आणि ती गेली.

मी फोन बंद केला. मग वाटलं, आणखी एकदा ऐकावं, कदाचित माझेच कान. पुन्हा लावला. आवाज आणखी बसला होता. हं मात्र छान भरदार झालं होतं.

५

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. दुपारी कपाट उघडून सगळ्या वायरी सोडवल्या आणि मधे ढीग घालून बसलो. टीव्हीचा प्लग काढलेला, राउटरचा प्लग काढलेला, फोन बंद करून तांदळाच्या डब्यात. फ्रिजसुद्धा काढला. सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. भिंगरी शाळेतून येऊन आतल्या खोलीत खेळत होती. एवढी शांतता घरात मी कधी ऐकली नव्हती.

आतून भिंगरी बोलत होती. "मग बाईंनी त्याला उभं केलं. काय झालं माहितेय?"

"हं."

"त्याच्या दप्तरात बेडूक होता."

"हं."

मी उठलो. गॅलरीत बघितलं, सासूबाई चिमटे लावत होत्या. आतल्या खोलीच्या दारात गेलो. भिंगरी पलंगावर मांडी घालून बसली होती, तोंड कपाटाकडे. कपाट आणि भिंत यांच्यात फट आहे, तिथं आम्ही इस्त्रीचं टेबल मिटून ठेवतो. भिंगरी त्या फटीकडे बघत नव्हती. फटीच्या अलीकडे, आपल्या शेजारी, पलंगाच्या कडेकडे बघत होती.

"कुणाशी बोलतेस?"

"गोष्ट सांगतेय."

"कुणाला?"

"ऐकतंय त्याला." मग मला राग येऊ नये म्हणून हळूच म्हणाली, "ते छान ऐकतं, बाबा. तू हं म्हणतोस पण फोन बघतोस."

खरंच बघतो. तिला उचलून बाहेर आणलं, तर म्हणाली पाणी दे. आवाज फुटत नव्हता. मी विचारलं, बर्फाचा गोळा खाल्लास का, शाळेत ओरडलीस का. ती मान हलवत राहिली, नाही, नाही. सासूबाई दारात रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं, आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पोरीच्या गळ्याकडे होतं.

६

आता एकच गोष्ट काढून बघायची राहिली होती. मी भिंगरीला तिच्या मावशीकडे नेऊन सोडलं.

घरी आलो. व्हिडिओ लावला, हं नाही. आतल्या खोलीत तासभर बसलो, काही नाही. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही बोला काहीतरी. त्या बिचाऱ्या त्यांच्या लहानपणीची विहिरीची हकीकत सांगत बसल्या, मधे मधे थांबत, घाबरत. काही नाही. कामात असं झालं की मी गिऱ्हाइकाला म्हणतो, सापडलं बघा. माझ्या तोंडात ते वाक्य आलंसुद्धा, आणि मग मला काय सापडलंय ते माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळच्या आत मावशीचा फोन. "भावोजी, पोरीचा घसा पार गेलाय. मीठपाणी दिलं, हळद दिली. आणि नुसती बडबड चाललीय, गप्प म्हणून बसत नाही. एकटीच."

"फोन तिच्याजवळ न्या. काही बोलू नका."

मावशीची पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं. मग भिंगरी. आवाज कसला, नुसती फुंकर, त्यात मधेच एखादा शब्द. "मग… बाबाने… सगळ्या वायरी काढल्या." आणि फोनला तोंड लावल्यासारखं, माझ्या कानात, "हं."

"भावोजी, तुम्ही हं म्हणालात ना आत्ता?" मावशीने विचारलं. मी हो म्हणालो.

तसाच निघालो, भिंगरीला घेतलं. वाटेत तिला डॉक्टरांना दाखवलं. तेच डॉक्टर नव्हते, हा तरुण होता. त्याने बॅटरी मारली, नळी घातली, पडद्यावर मला आतलं गुलाबी काहीतरी दाखवलं. म्हणाला, "घशात काहीच नाही. आवाजाला विश्रांती द्या."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी भिंगरी, मग मी, माझ्या पलीकडची जागा रिकामी. बस भरली होती तरी तिथं कुणी बसेना. लोक यायचे, जागेकडे बघायचे आणि दांडा धरून उभे राहायचे. भिंगरीने तोंड उघडलं. मला कळलं, ती सुरू करणार. तिला बोलू द्यायचं नव्हतं, म्हणून मीच बोलायला लागलो. काय बोललो? गिऱ्हाइकांचं. एका आजोबांचा कीबोर्ड आपोआप टाइप करायचा, ते म्हणायचे घरात काहीतरी आहे, मी दोन खेपा घातल्या आणि तिसऱ्या खेपेला कळलं की मांजर दुपारी त्याच्यावर झोपतं. मी श्वास घ्यायला थांबलो.

"हं," पलीकडून आलं.

मी पुढे सांगितलं. घर येईपर्यंत सांगत राहिलो. भिंगरी माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली, आणि सकाळी उठून तिने दूध नको म्हणून जो गळा काढला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. सासूबाई दुधाचा पेला हातात घेऊन रडायला लागल्या. मीही रडलो. दोघांनाही कळलं होतं, काय सुटलंय आणि कुणाला लागलंय.

७

तेव्हापासून मी बोलतो. कामं सोडली. सकाळी भिंगरी शाळेत जाते तेव्हा थोडा दम खातो, ती यायच्या वेळेला टीव्हीसमोर सोफ्यावर बसतो आणि सुरू करतो. टीव्ही बंद असतो. आधी करून बघितलं, दिवसभर मालिका मोठ्याने लावून ठेवल्या, सगळी फुकटची चॅनेलं फिरवली, बातम्या, भांडणं, स्वयंपाक. टीव्हीला ते भुलत नाही. त्याला कुणीतरी त्याच्यासाठी सांगितलेलं लागतं.

सासूबाई मला म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा आज. मी सांगते. माझं काय राहिलंय आता." बसल्या, पदर सावरला, लग्नापासूनचं सगळं सांगितलं, मला माहीत नसलेलंही. मधे थांबायच्या आणि हवेत बघायच्या. एकदाही हं आलं नाही. शेवटी मला म्हणाल्या, "माझं कुणी ऐकत नाही हो." एवढं तुटून त्या मुलगी गेली तेव्हाही बोलल्या नव्हत्या.

व्हिडिओही लावून बघितले, म्हटलं हिच्याच गोष्टी ऐकत बसेल. हिच्या गोष्टी संपल्यात. उंदराच्या गोष्टीत आता खुळखुळा आहे, चमचा आहे, माझं घोरणं आहे. हिचा आवाज कुठंच नाही, फोनवर नाही, डिस्कवर नाही, मी तीन ठिकाणी जपून ठेवलेल्या प्रतींवर नाही. भिंगरीने परवा विचारलं, बाबा, पुन्हा आई लाव ना. मी म्हटलं डिस्क बिघडली. तिने विश्वास ठेवला. आता ती आवाज कायमचा विसरेल आणि मी तिला काही देऊ शकणार नाही.

एकदा मला दिसलं. म्हणजे दिसलं असं वाटतं. दुपारची वेळ, पडदे उघडे, बंद टीव्हीच्या काळ्या काचेत आमची खोली दिसते तशी दिसत होती. सोफा, सोफ्यावर मी, माझे हलणारे ओठ. माझ्या डाव्या बाजूची उशी दबलेली. आणि कान. आधी मला वाटलं पडद्याची चुणी आहे. माझ्या तोंडाच्या इतका जवळ आणलेला की बोलताना माझे ओठ त्याला लागत असणार. त्याच्यामागे डोकं असायला हवं होतं तिथं मी नजर नेली नाही. मी बोलत राहिलो आणि ओठांना काहीतरी गार लागत राहिलं.

८

आता तुला वाटत असेल, हे सगळं मी तुलाच का सांगतोय. तू तर होतंस. फोनच्या मागे होतंस, पलंगावर होतंस, बसमध्ये शेजारी होतंस. पण माझ्याकडचं सगळं सांगून झालं. प्रिंटर संपले, राउटर संपले, ज्यांचे पासवर्ड हरवले ते संपले, माझं लहानपण संपलं, हिची नि माझी ओळख कशी झाली ते संपलं. तेव्हा तू किती वेळ हं म्हणत होतंस. उरली ती एवढीच, तुझीच गोष्ट. म्हटलं, स्वतःची गोष्ट कुणाला आवडत नाही? ही तरी तू दोनदा ऐकशील.

सकाळपासून घसा पार गेलाय. मघाशी सासूबाई पाणी ठेवून गेल्या, त्यांनी विचारलं काही हवंय का, मी काय म्हणालो ते त्यांना कळलं नाही. तुला कळतंय, मला माहितेय. ॲपचं सांगितलं तेव्हा तू हं म्हणालंस. उंदराला म्हणालंस. मावशीच्या फोनपर्यंत तू नीट म्हणत होतंस. सासूबाईंचं सांगितलं तेव्हा एकदा, बारीकसं. काचेतल्या कानापासून तू काही म्हटलेलं नाहीस.

ऐकतंयस ना? अजून आहे माझ्याकडे, थांब. एक बाई होत्या, त्यांचा कॉम्प्युटर रोज दुपारी चारला बंद पडायचा. मी पंखा बदलला, मेमरी बदलली, एकेक काढत गेलो. कशामुळे पडायचा माहितेय?

हं म्हण की.

बरं, तो राहू दे. दुसरा सांगतो. उशीकडे हात नेतोय मी, थांब जरा, उशी अशी फुगलेली कशी? तू आत्ता इथं होतंस. उठू नकोस. मी कुजबुजतो, कुजबुजलेलं ऐकू येतं तुला, हिचं तर तू शेवटी नुसता श्वाससुद्धा ऐकलास.

दार वाजलं. भिंगरी आली. दप्तर टाकलं, बूट काढले, एक इकडे, एक तिकडे. मी तिला हाक मारतोय, तिला ऐकू जात नाहीये. आई, तिला बाहेर आणा, तिला बोलू देऊ नका. सासूबाई स्वयंपाकघरात आहेत, नळ सोडलाय. मला उठता येत नाही. भिंगरी, बाळा, गप्प बस. बाबाकडे ये.

ती आतल्या खोलीत गेली. पलंगावर उडी मारली. म्हणाली, "आज शाळेत काय झालं माहितेय?" आणि थांबली.

आणि तू तिला हं म्हणालंस.